हॅलिवेल साहेबांचा निरोप

३० जानेवारी १९२१

नारळ खवून झाला होता, पहिलं दूध पिळून झाकून ठेवलं होतं आणि यूस्टसच्या पांढऱ्या कोटांना मी नीळ देत होते. अंगणात आमचा स्वयंपाकी कारोलिस मासेवाल्याशी भांडत होता. मासेवाला म्हणत होता, "कालचा असता तर वास आला असता." कारोलिस म्हणाला, "वास येतोय. मला वाटलं तुझा आहे." मला हसू आलं. यूस्टस मागच्या पडवीत चहा पीत बसला होता. त्याने चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, हे मला उघड्या बरणीवरून नंतर कळलं. तोंड वाकडं न करता त्याने सगळा कप संपवला होता. मी विचारलं तर म्हणाला, "बायकोने पुढे ठेवलेलं मी कधी टाकलंय?"

तेवढ्यात कचेरीचा शिपाई लखोटा घेऊन आला. यूस्टसने कागद उघडून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाला, "चष्मा कचेरीत राहिला. तू वाच."

मी निळे हात पुसले आणि वाचलं. त्याची बदली झाली होती. वीस वर्षांच्या वर कचेरीचा दप्तरखाना सांभाळलेल्या माणसाला दूरच्या किनाऱ्यावरच्या मिठाच्या गोदामावर पाठवत होते. तिथे उन्हात उभं राहून पोती मोजून घ्यायची. वर लिहिलं होतं की लिखापढीसाठी दोन मदतनीस मिळतील, मिस्टर वांबेक यांना स्वतः लेखणी हातात धरावी लागणार नाही. ज्या माणसाचं अक्षर बघायला कोलंबोहून साहेब येत, त्याला हे. खाली सही होती जिल्ह्याच्या कारभाराचे प्रमुख, एजंट साहेबांची, आर. हॅलिवेल.

दोन वर्षांपूर्वीची ही सकाळ आज लिहून काढली, कारण आज वर्तमानपत्रात वाचलं की हॅलिवेल साहेब नोकरी सोडून विलायतेला चालले आहेत. सरकारने त्यांची बदली कोलंबोच्या कुठल्याशा आतल्या खात्यात केली होती. ते भांडले, सरकारने ऐकलं नाही, आणि वय व्हायच्या आधीच त्यांनी निवृत्ती घेतली.

बातमी मी तीनदा वाचली. मग कारोलिसला सांगितलं की आज बदकाचं कालवण कर.

"आज कुणाचा वाढदिवस, नोना?" तो म्हणाला. मालकिणीला सगळे नोकर नोनाच म्हणतात.

"माझा समज," मी म्हणाले.

२ फेब्रुवारी

तीन दिवस डोक्यात तेच आहे. लिहून टाकते म्हणजे झोप लागेल.

यूस्टस त्या बदलीविरुद्ध चार महिने भांडला. अर्ज तो स्वतः लिहीत नसे. खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचा आणि मी लिहायची. मोठी माणसं असंच करतात, सांगतात आणि दुसऱ्याकडून लिहून घेतात. माझे वडील जोडे शिवायचे, शाळा मला फारशी मिळाली नाही. पण शेवटची काही वर्षं संध्याकाळी त्याला वर्तमानपत्र आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून दाखवता दाखवता माझी भाषा सुधारली होती. त्याला माझा आवाज आवडायचा. म्हणायचा, "पाद्र्यापेक्षा तू बरी, तुझं ऐकताना झोप येत नाही."

शेवटी हॅलिवेल साहेबांनी कळवलं की तीन वाटा आहेत. गोदामावर जा, किंवा कोलंबोला डॉक्टरांच्या मंडळापुढे उभे राहा, किंवा स्वतःहून निवृत्ती मागा. धडधाकट माणसाला डॉक्टरांपुढे. यूस्टसचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "त्यांच्या तक्त्यासमोर मी उभा राहणार नाही, हर्मिन," तो म्हणाला. "मेलो तरी नाही." तक्ता म्हणजे काय ते मी विचारलं नाही. कचेरीत माणसाचा अपमान करायच्या नाना तऱ्हा असतात.

त्याने निवृत्ती मागितली. पेन्शन कमी बसली. पण मला त्याहून दुसरं लागलं. आमच्या कचेरीचा रिवाज आहे की माणूस निवृत्त झाला म्हणजे टाउन हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, मानपत्र वाचतात, चहा होतो, फोटो निघतो. शिपायालासुद्धा हार घालतात. यूस्टसला काही नाही. भांडून जाणाऱ्याला निरोप देत नाहीत म्हणे. शेवटच्या दिवशी तो छत्री आणि दौत घेऊन घरी आला आणि म्हणाला, "रस्त्यात कुणीच भेटलं नाही." भर पाचला, कचेरी सुटताना.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला. संध्याकाळी एकटाच आमच्या किल्ल्याच्या तटावर फिरायला निघाला होता. मी नणंदेकडे, कॉर्नेलियाकडे गेले होते, नाहीतर रोज मी बरोबर असायची. तो माझा हात घट्ट धरून चालायचा. किल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, आमचे पुढे पळतात, तुझा बघ. त्या दिवशी बुरुजाच्या दगडी जिन्यावरून पडला. जन्मभर चढलेला उतरलेला जिना. माणसाच्या मनाला असं लागलं की पायाखाली काय आहे त्याचं भान राहत नाही.

त्याला हॅलिवेल साहेबांनी ढकललं. हे मी कुणापुढे बोलले नाही, इथे लिहिते.

५ फेब्रुवारी

आज हेडक्लार्क एबेल आले. ढेरी आधी, मग ते. हॅलिवेल साहेबांच्या निरोपाचं त्यांच्याकडे आहे. शनिवारी सव्वीस तारखेला, दुपारी चारला, टाउन हॉल.

"तुमच्या हातचं लांप्रैस पाहिजे, मिसेस वांबेक," ते म्हणाले. "केळीचं पान उघडलं की तो जो वास येतो ना, भाताचा आणि मटणाचा आणि त्या तळलेल्या वांग्याचा. साहेबांना जाता जाता तेवढं तरी."

यूस्टस गेल्यापासून मी लोकांच्या कार्याला खाणं करून देते. किल्ल्यात माझ्याशिवाय पान हलत नाही, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. पण त्या माणसाच्या निरोपाचं माझ्याकडे मागायला यायचं म्हणजे ढेरीच पाहिजे.

मी म्हटलं, "यूस्टसच्या वेळी काय केलं होतं तुम्ही चहाबरोबर?"

ते टोपी फिरवत बसले. "तेव्हाची गोष्ट निराळी होती. तो सरकारशी भांडून गेला."

"आणि हे?"

"हे..." ते थांबले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हॅलिवेल साहेबसुद्धा सरकारशी भांडूनच चालले आहेत.

तिथेच मला सुचलं. मी पुढे केकची बशी सरकवली आणि म्हटलं, "मी आपलं बाईमाणूस, मला काय कळतं. पण नवे एजंट आल्यावर विचारतीलच की त्या दिवशी हॉलमध्ये कोण कोण होतं."

त्यांनी केक खाल्ला. पण नेहमी दोन तुकडे घेतात, आज एकच घेतला.

खाण्याचं नंतर सांगते म्हटलं.

९ फेब्रुवारी

मिल्ड्रेडकडे जाऊन आले. मिल्ड्रेड म्हणजे माझ्या नणंदेची, कॉर्नेलियाची मुलगी. तिचा मुलगा आता दोन महिन्यांचा झाला आणि त्याची धर्ममाता मी आहे. आमच्यात बाप्तिस्म्याचा दिवस धर्ममाता ठरवते आणि मेजवानी तिच्याच घरी होते. त्या मेजवानीला बोलावलेला माणूस आला नाही तर त्याने बाळाचं वाईट चिंतलं असं धरतात. एकदा एका घरी असं झालं होतं, ती दोन घरं अजून चर्चमध्ये एका बाकावर बसत नाहीत.

मी म्हटलं, "शनिवारी सव्वीसला करू. दुपारी चारला माझ्याकडे मेजवानी."

मिल्ड्रेड बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, "आंटी, त्या दिवशी तर कचेरीचा निरोप आहे ना?"

"असेल. कचेरीला बाळ झालंय का?"

ती हसायला लागली. भोळी आहे, तिला त्यामागचं काही दिसत नाही. कॉर्नेलिया कोपऱ्यात बसून लोकर गुंडाळत होती. ती हसली नाही. म्हणाली, "हर्मिन, दुसरा शनिवार नाही का?"

"पाद्री नंतर दौऱ्यावर आहेत," मी म्हणाले. ते खरं आहे. मी आधीच विचारून ठेवलं होतं.

१४ फेब्रुवारी

चार दिवस घरोघर फिरते आहे. किल्ल्यातलं एकही घर सोडलं नाही. ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांच्याकडेही गेले. आमंत्रण तोंडानेच द्यायचं असतं. बाळाचं नाव घ्यायचं, मग मेजवानीत काय काय आहे ते सांगायचं. लांप्रैस, बदक, नारळाच्या दुधातली कोळंबी, काजूचा केक. मग उठता उठता, चपला घालताना, हळूच म्हणायचं की कोलंबोला हॅलिवेल साहेबांवर राग आहे म्हणे. नवा माणूस कसा असेल कोण जाणे.

पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, "आमचे तर म्हणत होते निरोपाला गेलंच पाहिजे, साहेबाने आमच्या थोरल्याला नोकरीला चिकटवलं होतं."

"मग जा की," मी म्हणाले. "बाळाला मी सांगेन."

"असं कसं बाई, बाळाचं आधी," ती म्हणाली.

घरी आले तेव्हा पाय सुजले होते. कारोलिसने गरम पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "नोना एवढं फिरलात, निवडणुकीला उभ्या आहात का?"

मला माझ्यात एवढी शक्ती आहे हे ठाऊक नव्हतं. यूस्टस गेल्यापासून सकाळी उठायचंसुद्धा जिवावर यायचं. आता कोंबड्याच्या आधी जागी होते. हे चांगलं की वाईट ते पाद्र्याला विचारायला पाहिजे, पण मी विचारणार नाही.

१८ फेब्रुवारी

आज तो स्वतः आला.

कारोलिस धावत आत आला. "नोना, एजंट हामू, दारात. चालत आलेत, एकटेच." मी एप्रन काढला नाही. मुद्दाम काढला नाही.

हॅलिवेल साहेब म्हातारे झाले आहेत. बायको दोन वर्षांपासून विलायतेत आहे, कोटाचं एक बटण तुटलेलं होतं. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. यूस्टसच्या खुर्चीत बसले नाहीत, बाजूच्या बाकावर बसले, एवढं मी पाहिलं. पुस्तकांच्या कपाटाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"मिसेस वांबेक, तुम्ही अजून मोठ्याने वाचता का?" त्यांनी विचारलं.

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?"

"वांबेक सांगायचे. म्हणायचे, माझ्या घरात संध्याकाळी कोलंबोच्या नाटकापेक्षा चांगली करमणूक असते."

म्हणजे आमच्या घरातली गोष्ट कचेरीत चघळली जायची. यूस्टस सहज बोलला असेल आणि यांनी टेबलाभोवती हसून घेतलं असेल.

ते म्हणाले, "तुम्ही शनिवारी याल असं वाटत होतं. पण ऐकतो की तुमच्याकडे बाप्तिस्मा आहे."

"आहे."

"मग मी आत्ताच बोलतो. तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत माझ्या हातून नीट झालं नाही. मला वाटलं होतं गोदामावर त्यांना सोपं जाईल. पूर्ण पेन्शन होईपर्यंत तिथे कुणी काही विचारणार नाही. मी आधी तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. पण मी वांबेकना शब्द दिला होता."

"कसला शब्द?"

ते बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिले. "तो त्यांना दिलेला होता," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, ज्याच्या अक्षराकडे लोक बघत राहायचे त्याला तुम्ही पोती मोजायला पाठवत होता. त्यात काय सोपं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोलले. मग उठले. दारात म्हणाले, "तुम्हाला खरंच..." आणि पुढचं न बोलता गेले.

नीट झालं नाही म्हणे. गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल केला आणि वर शब्दाच्या आड लपला. मला दया येईल असं वाटलं असावं. बटण तुटलेला कोट घालून आला तोही त्यासाठीच असेल.

मी कारोलिसला सांगितलं की बदकं आठ नको, बारा आण.

२१ फेब्रुवारी

एबेल मागच्या दाराने आले. निरोपाच्या चहाचं मी करू नये म्हणाले. "कुणी येतच नाहीये," ते म्हणाले. "सगळे म्हणतात बाळाकडे जायचंय. मानपत्र मीच वाचणार होतो, पण आमची हीसुद्धा म्हणते की बाळाचं आधी."

"मग तुम्ही?"

"मी तिकडे तोंड दाखवून येईन म्हणतो इकडे. गरम असतानाच बरं लागतं ना ते."

आज वर्तमानपत्रात हॅलिवेल साहेबांविषयी आणखी आलं आहे. सरकारने त्यांच्यावर ठपका ठेवला होता की काम न झेपणाऱ्या माणसांना ते पाठीशी घालतात, डॉक्टरांच्या मंडळापासून वाचवतात. मला हसू आलं. यूस्टसला मात्र त्याच मंडळाचा धाक घातला. आवडते वाचवायचे आणि नावडते बुडवायचे, एवढंच त्यातून दिसतं.

शंभर खुर्च्या मांडतील. तो त्यांच्यापुढे बसेल. त्यालाही कळू दे की रस्त्यात कुणीच भेटत नाही म्हणजे काय.

२५ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

संध्याकाळी कॉर्नेलिया मदतीला आली. मी भात आणि कालवण पानावर घालत होते, ती पानं मुडपून बांधत होती. छान चाललं होतं. तिचा हात अजून माझ्यापेक्षा जलद आहे. मी म्हटलं, "उद्या तू तो निळा झगा घालून ये, जांभळा तुला शोभत नाही."

ती म्हणाली, "उद्या मी येणार नाही, हर्मिन. मी हॉलवर जाणार आहे."

"तुझ्या नातवाचा बाप्तिस्मा आहे."

"चर्चमध्ये असेन मी सकाळी. चारला हॉलवर जाईन. कुणीतरी गेलं पाहिजे त्या माणसासाठी."

"त्या माणसाने तुझ्या भावाला मारलं."

तिने पान खाली ठेवलं. म्हणाली, "माझ्या भावाला जिना दिसला नाही."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? अंधारून आलं होतं आणि त्याला दिसला नाही. दुपारीच कुठे नीट दिसत होतं."

पळी हातातच होती, रस्सा फरशीवर गळत होता. ती म्हणाली, "हर्मिन, तू असं काय करतेस? तुला माहीत होतं ना. तू त्याला वाचून दाखवायचीस. अर्ज लिहून द्यायचीस. हाताला धरून तटावर न्यायचीस."

"त्याला माझा आवाज आवडायचा," मी म्हणाले.

कॉर्नेलिया अगदी हळू म्हणाली, "तोही आवडायचा, गं."

त्यानंतर तिने सगळं सांगितलं. डोळे कित्येक वर्षं जात होते. किल्ल्यात सगळ्यांना कळलं होतं, पण कारकुनाचे डोळे गेले हे आमच्यात तोंडाने बोलत नाहीत, जसं एखाद्याच्या घरातलं वेड बोलत नाहीत. समोर आला तर आपणच आधी नाव सांगून बोलायचं, वाटेतला दगड बाजूला करायचा, आणि काही झालंच नाही असं दाखवायचं. सगळ्यांना वाटलं की मी त्याच रीतीने वागते आहे, आणि मी किती छान निभावते म्हणून बायका माझं कौतुक करायच्या. दप्तरात चुका व्हायला लागल्या तेव्हा हॅलिवेल साहेबांनी त्या पोटात घातल्या. मंडळापुढे गेला असता तर लगेच घरी बसवला असता. म्हणून मिठाचं गोदाम, म्हणून दोन मदतनीस. यूस्टसने साहेबांकडून शपथ घेतली होती की हर्मिनपुढे हे कधी बोलायचं नाही, आणि कॉर्नेलियाला वाटलं होतं की तेही त्या रीतीपुरतंच.

"मग तो गोदामावर का गेला नाही?" मी विचारलं.

"तिथला जिना त्याला पाठ नव्हता," कॉर्नेलिया म्हणाली. "इथला होता. निदान त्याला तसं वाटत होतं."

ती रडत होती. मला रडू आलं नाही. मी उरलेली पानं बांधली. ती गेल्यावर फरशी पुसली.

आता लिहिते आहे ते खरं लिहिते. मला हॅलिवेल साहेबांची दया येत नाही. उलट राग दुप्पट झाला आहे. मी ज्या माणसाजवळ रोज झोपले त्याचं सगळ्यात मोठं दुःख एका इंग्रजाला माहीत होतं आणि मला नव्हतं. माझा हात धरून तो चालायचा आणि मला वाटायचं प्रेम आहे. प्रेमही असेल. पण त्यातलं किती प्रेम आणि किती जिना, हे आता मला कोण सांगणार?

एक शब्द सांगितला असता तर त्या संध्याकाळी मी कॉर्नेलियाकडे गेले नसते. शब्द पाळणाऱ्याने माझं घर बुडवलं. आणि ज्याने शब्द घेतला त्याच्यावर रागवायला तो आता घरात नाही.

अजून वेळ आहे. कारोलिसला सकाळी घरोघर पाठवलं तर मेजवानी सहाला ढकलता येईल. लोक आधी हॉलवर जाऊन मग इकडे येतील. एवढं सोपं आहे.

मी त्याला पाठवणार नाही.

२७ फेब्रुवारी

काल सकाळी बाप्तिस्मा झाला. बाळ पाणी लागल्यावर रडलं नाही, सगळे चांगलं म्हणाले. चारला माझं घर भरलं. पायरीवरसुद्धा माणसं बसली होती. एबेल सगळ्यांच्या आधी आले आणि मानपत्राची गुंडाळी खिडकीत ठेवून पान उघडायला लागले. मी सगळ्यांना एकदा वाढलं. मग पळी मिल्ड्रेडच्या हातात दिली, मागच्या दाराने बाहेर पडले आणि टाउन हॉलवर गेले.

कॉर्नेलिया होती, दारात कचेरीचा म्हातारा शिपाई होता, आणि पुढे मांडलेल्या सगळ्या खुर्च्यांसमोर हॅलिवेल साहेब एकटे बसले होते. मी पहिल्या रांगेत बसले.

ते म्हणाले, "मिसेस वांबेक, तुमच्याकडे पाहुणे आहेत ना?"

"सगळे माझ्याकडेच आहेत," मी म्हणाले. "ते मी केलं. ते बघायला मी आले."

ते म्हणाले, "अस्सं."

मी क्षमा मागितली नाही. मी मागावी असं त्यांनीही दाखवलं नाही. मग मी विचारलं, "शेवटी शेवटी त्याला किती दिसत होतं?"

त्यांनी शिपायाला सांगून एक खुर्ची वळवून घेतली आणि माझ्यासमोर बसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, पहिल्या चुकीपासून. दिवे लागेपर्यंत मी तिथे बसून ऐकत होते.